दुखत नाही तोवरच तपासायचं असतं

मध्य प्रदेशात गुटख्यावर बंदी आहे आणि तीही आजची नाही, 2012 पासूनची, देशात सगळ्यात आधी आपल्याच राज्याने घातली होती. आता इंदूरात राजवाड्याच्या आसपास कुठल्याही पानाच्या ठेल्याशी पाच मिनिटं उभं राहून बघा. माणूस येतो, दोन पुड्या मागतो, एक पानमसाल्याची आणि एक बारीकशी तंबाखूची, दोन्ही दाताने फाडतो, छोटी मोठीत ओततो, चिमटीत धरून हलवतो आणि मान मागे करून सगळं गालात सोडतो. झाला गुटखा तयार. दुकानदाराने गुटखा विकला नाही, याने विकत घेतला नाही, बंदी जागच्या जागी.

कॅन्सरचा विषय निघाला की आपल्याकडे लोक लगेच नशिबावर येतात. नशिबाचा भाग आहे, नाही असं नाही, काही न खाणाऱ्या-पिणाऱ्यालाही होतो. पण आपल्या देशात वर्षाला 14 लाखांवर नवे कॅन्सर होतात (हा 2022 चा अंदाज आहे) आणि 9 लाखांच्या वर माणसं त्याने जातात, त्यात पुढे कोणकोण आहे ते बघा ना. पुरुषांत पहिला नंबर तोंडाच्या कॅन्सरचा. बायकांत पहिला स्तनाचा, दुसरा गर्भपिशवीच्या तोंडाचा. या तिन्ही जागा अशा आहेत की जिथे मोठं मशीन नसलं तरी चालतं, नीट शिकवलेली नर्स टॉर्च लावून, हाताने चाचपून, किंवा कापसाचा बोळा लावून काही गडबड आहे का ते बघू शकते. म्हणूनच 2016 पासून सरकारी प्रोग्रॅममध्ये 30 ते 65 वयासाठी याच तीन तपासण्या ठेवल्या आहेत, दर पाच वर्षांनी एकदा, तोंडाची सगळ्यांची आणि बाकी दोन बायकांच्या.

आणि लोक येतात कधी? तर दुखायला लागलं की.

मी एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरला बसते, तिथे हे वाक्य मराठी, हिंदी आणि आपल्या इंदुरी खिचडीत रोज ऐकायला मिळतं, की "दुखत तर काहीच नाहीये, मग टेस्ट कशाला?" आता खरी गंमत इथेच आहे, की सुरुवातीचा कॅन्सर बहुतेक वेळा दुखतच नाही. थोड्या पेशी बेशिस्त वाढत असतात, पण त्या जोवर एखाद्या नसेवर दाब देत नाहीत, जखम होऊन चिघळत नाही किंवा कुठला रस्ता बंद होत नाही, तोवर शरीराला काही पत्ताच लागत नाही. दुखायला लागलं म्हणजे गोष्ट बरीच पुढे गेलेली असू शकते. स्क्रीनिंग म्हणतात ते याच्यासाठीच, ज्याला काहीही त्रास नाही त्याची तपासणी. आणि ज्याला त्रास आहे, गाठ लागते आहे, रक्त जातं आहे, त्याने कॅम्प कधी लागतोय म्हणून थांबायचं नाही, सरळ डॉक्टरकडे जायचं, ते स्क्रीनिंग नाहीच, तो इलाजाचा भाग झाला.

आता तोंडाचं नीट बघू, कारण आपल्या भागात हाच घरोघरी आहे. तंबाखू वाईट हे सगळ्यांना पाठ आहे, पण सुपारीबद्दल आपण मराठी लोक फारच लाडात बोलतो. घरात अडकित्ता असतो, जेवण झालं की दोन खांडं, पाहुण्याला तबक, आणि "मी तंबाखूला हात लावत नाही हो, नुसती सुपारी" हे अगदी अभिमानाने सांगतात. तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवरच्या संस्थेने 2004 मध्येच सांगून टाकलंय की नुसती सुपारी, तंबाखू नसली तरी, माणसात कॅन्सर करते. सुगंधी, मिठी, भाजलेली, कुठलीही. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर हळूहळू कडक होत जातं, त्यात पट्टे पडतात आणि तोंड उघडणं कमी होतं. याची सुरुवात कशी ओळखायची तर ते इंदूरच्या माणसाला सगळ्यात सोपं आहे. सकाळच्या पोह्यांवरचं जीरावन, म्हणजे तो मसाला, जे लहानपणापासून भुरभुरून खाल्लं, ते अचानक झोंबायला लागतं. मग काही दिवसांनी सराफ्यात पाणीपताशा, म्हणजे पाणीपुरी, अख्खा तोंडात जात नाही, तो फोडून खावा लागतो. लोक म्हणतात ऍसिडिटी झालीय, तोंड आलंय, बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेतात. तेव्हा आरशासमोर आपली तीन बोटं, उभी एकावर एक, वरच्या-खालच्या दातांच्या मध्ये घालून बघायची. नाही गेली तर डेंटिस्ट किंवा कान-नाक-घसावाल्याकडे जायचं. कडक झालेलं अस्तर परत पहिल्यासारखं मऊ होणं फार अवघड असतं, पण सुपारी तिथेच थांबवली आणि नजर ठेवली तर पुढचं बरंच टळू शकतं.

तोंड घरी बघायला महिन्यातून दोन मिनिटं पुरतात. चूळ भरा, कवळी असेल तर काढा, मोबाइलचा टॉर्च लावा. ओठ आतून उलटून बघा, दोन्ही गाल बोटाने ओढून बघा, जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा बघा, मग जीभ टाळूला लावून खालची जागा बघा, कारण तिकडे कोणी बघतच नाही. पांढरा चट्टा जो पुसून जात नाही, लाल मखमली दिसणारा चट्टा (हा पांढऱ्यापेक्षा जास्त काळजीचा), दोन आठवडे झाले तरी न भरलेला छाला, विनाकारण हलणारा दात, मानेत गाठ. यातलं काहीही असेल तर दाखवायचं. आणि टोकदार दात सतत गालाला लागत असेल तर तो घासून घ्या, लोक वर्षानुवर्षं तसंच चघळत बसतात.

नुसतं बघून खरंच फायदा होतो का, असं कोणी विचारलं तर केरळमध्ये त्रिवेंद्रमला याचा मोठा अभ्यास झालाय, 2005 मध्ये छापून आला. आरोग्य कार्यकर्ते घरोघरी जाऊन तोंडं तपासत होते, दुसरं काही नाही. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले.

इथे हमखास कोणीतरी आजोबा काढतात. "आमचे आबा पंचाऐंशी वर्षं तंबाखू मळत होते, काही झालं नाही." असतील ना, मी कुठे नाही म्हणते. रिस्क म्हणजे होणारच असं नाही, होण्याची शक्यता वाढते. ए.बी. रोडवर हेल्मेटशिवाय रोज गाडी चालवणारे कित्येक लोक संध्याकाळी नीट घरी येतात, म्हणून हेल्मेट फालतू ठरत नाही. आणि एक आबा दिसतात कारण ते उरले, जे पन्नाशीत गेले ते किस्से सांगायला नाहीत. तंबाखू सोडायची असेल तर सरकारी क्विटलाइन आहे, 1800-11-2356, फोन फुकट आहे, हिंदीत बोलतात. दारूचंही सांगून टाकते, तीही कॅन्सर करणाऱ्यांच्या पक्क्या यादीत आहे आणि तंबाखूबरोबर असली तर दोघांचा हिशोब बेरजेपेक्षा जास्त होतो.

आता पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. याच्याबद्दल आपल्या बायका हळदीकुंकवाला सुद्धा बोलत नाहीत, बोलल्या तर आवाज खाली. याचं कारण एक व्हायरस आहे, एचपीव्ही, आणि तो शरीरसंबंधातून पसरतो, बस, इतकं ऐकलं की सगळे गप्प. तर हे नीट समजून घ्या की हा व्हायरस इतका कॉमन आहे की संबंध येणाऱ्या जवळजवळ सगळ्यांना, बाईला आणि पुरुषाला, आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो, एकच नवरा आणि एकच बायको असली तरी होऊ शकतो, त्याच्यात चारित्र्याचा प्रश्न कुठून आला? बहुतेकींच्या शरीरातून तो दोन वर्षांत आपोआप निघून जातो, कळतही नाही. थोड्या जणींमध्ये तो ठाण मांडून बसतो आणि त्यांच्यात पेशी बिघडत जातात, त्यालाही साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. पंधरा वर्षं! म्हणजे पकडायला इतका वेळ देणारा दुसरा कॅन्सर क्वचितच असेल, आणि तरी आपल्या देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना तो होतो, याचा मला खरंच राग येतो. हा व्हायरस आणि कॅन्सर यांचं नातं शोधणाऱ्या हाराल्ड झुर हाउझेन यांना 2008 चं नोबेल मिळालं, त्यामुळे हे काही कालपरवाचं ज्ञान नाही.

तपासणी कशी असते ते सांगते कारण अर्धी भीती तिथेच आहे. पाळी नसताना जायचं. टेबलावर पाय दुमडून झोपायचं, वर चादर असते. नर्स किंवा डॉक्टर आत एक साधन घालून जागा दिसेल इतकी मोकळी करतात, थोडं ताणल्यासारखं वाटतं, श्वास धरून अंग आखडलं तर जास्त वाटतं. मग कापसाच्या बोळ्याने पातळ ऍसिटिक ऍसिड लावतात, म्हणजे आपला स्वयंपाकातला व्हिनेगर असतो ना, साधारण तेवढ्याच ताकदीचं. एक मिनिट थांबायचं. बिघडलेल्या पेशींची जागा पांढरी होते, चांगली जागा गुलाबीच राहते. झालं, उठा. पांढरं दिसलं म्हणजे कॅन्सर झाला असं नाही, पुढची तपासणी करायची, आणि सुरुवातीचा बिघाड असला तर ती जागा थंडीने गोठवून किंवा उष्णतेने जाळून टाकतात, बऱ्याचदा त्याच दिवशी, पोटाचं ऑपरेशन वगैरे नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने वर्षानुवर्षं हेच केलं, शिकवलेल्या साध्या कार्यकर्त्या बायकांकडून, आणि या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले.

पाळी गेलेल्या बायकांना मात्र व्हिनेगरची तपासणी तेवढी उपयोगाची राहत नाही, कारण बघायची जागा आत सरकते, त्यांनी पॅप (यात तिथल्या पेशी घेऊन मायक्रोस्कोपखाली बघतात) किंवा एचपीव्ही टेस्ट (यात तो व्हायरस आहे का ते बघतात) करावी. एचपीव्ही टेस्टचा मोठा अभ्यास आपल्या महाराष्ट्रातच झालाय, उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, एक लाखाच्या वर बायका होत्या, आयुष्यात एकदाच ही टेस्ट केली तरी मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ही टेस्ट दिसायला महाग वाटते पण निगेटिव्ह आली की पाच वर्षं तरी निवांत. आणि ज्यांची पिशवी काढलेली आहे त्यांनी जुने डिस्चार्जचे कागद काढून डॉक्टरला दाखवावे, तोंडासकट काढली की तोंड ठेवलं, हे कित्येकींना माहीतच नसतं आणि तपासणी लागेल की नाही ते त्याच्यावरच ठरतं. पाळी बंद झाल्यावर परत रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त आलं, वास मारणारं पाणी जात असलं तर हे सगळं बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात जा. "वयाने होतं" असं शेजारच्या काकू म्हणतील, त्यांना म्हणू द्या.

मुलींसाठी लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक 2023 मध्ये आली, त्याआधी बाहेरच्या कंपन्यांच्या होत्याच. 9 ते 14 हे सगळ्यात चांगलं वय, व्हायरसशी गाठ पडायच्या आधी घ्यायची असते म्हणून. "इतक्या लहान मुलीला कशाला" असं म्हणणाऱ्या आज्यांना एवढंच सांगायचं की गोवराची लस पण गोवर व्हायच्या आधीच देतो. स्वीडनमध्ये ज्या मुलींनी 17 च्या आत घेतली त्यांच्यात हा कॅन्सर 88 टक्के कमी दिसला. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी सुटत नाही, कारण लस व्हायरसच्या सगळ्याच जातींवर चालत नाही.

स्तनाचा कॅन्सर. इथे सगळ्यात मोठा गैरसमज हा की "आमच्याकडे कोणालाच नाही". अहो, ज्यांना होतो त्यांच्यातल्या बहुतेकींच्या घरात कोणालाच नसतो, आई-मावशीकडून आलेला साधारण पाच ते दहा टक्केच असतो. दुसरं, आपल्याकडे तो पाश्चात्य देशांपेक्षा दहाएक वर्षं लवकर दिसतो, चाळिशी-पन्नाशीत, जेव्हा बाईला मुलांच्या परीक्षा आणि सासूबाईंचं बीपी यातून स्वतःकडे बघायला फुरसत नसते. पाळी सुरू झाल्यापासून सात ते दहा दिवसांनी, आंघोळीच्या वेळी, बोटांच्या सपाट भागाने पूर्ण छाती आणि काख चाचपायची. आपलं नेहमीचं कसं लागतं हे हाताला माहीत झालं की नवीन काही आलं तर कळतं, एवढाच त्याचा उपयोग. न दुखणारी कडक गाठ, नव्याने आत ओढलेलं टोक, त्यातून रक्त, संत्र्याच्या सालीसारखी कातडी, यातलं काही दिसलं तर दाखवायचं. बऱ्याच गाठी साध्या निघतात, पण ते ठरवायचं काम सोनोग्राफीचं, मॅमोग्राफीचं आणि सुईचं आहे, आपलं नाही. शिकवलेल्या आरोग्य कार्यकर्त्या बायकांच्या हाताने होणाऱ्या तपासणीवर मुंबईत वीस वर्षं अभ्यास चालला आणि पन्नाशीच्या वरच्या बायकांमध्ये मृत्यू साधारण तीस टक्क्यांनी कमी झाले. तरुण वयात छाती घट्ट असते म्हणून मॅमोग्राफीत नीट दिसत नाही, त्यामुळे पंचविशीतल्या मुलीने पॅकेजमधून मॅमोग्राफी करून घेण्यात अर्थ नाही. वजन आटोक्यात, चालणं, बाळाला अंगावर पाजणं याने रिस्क कमी होते, काळ्या ब्राने किंवा डिओडरंटने वाढते हे व्हॉट्सॅपचं संशोधन आहे.

बाकीचे पटकन. फुफ्फुसाला आपल्याकडे अडचण ही की खोकला आला की टीबी समजून औषधं सुरू होतात, थुंकीत टीबी सापडला का ते विचारा, आणि औषध घेऊनही फरक नसेल तर पुढे तपासा. खूप वर्षं भरपूर सिगरेट-बिडी ओढणाऱ्यांसाठी कमी डोसचा सीटी स्कॅन असतो, बाकीच्यांनी हौसेने करू नये. मोठ्या आतड्याचा कॅन्सर मूळव्याधीच्या नावाखाली लपतो, इंदूरमध्ये तर काय, शौचाला रक्त गेलं की दोष शेवेवर. पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच रक्त दिसलं, किंवा पुरुषमाणसाचं हिमोग्लोबिन कारण नसताना घसरत असलं, तर कोलोनोस्कोपीबद्दल विचारा, त्यात छोटा कोंब दिसला तर तिथल्या तिथे काढूनही टाकतात आणि कॅन्सर व्हायच्या आधीच विषय संपतो. लिव्हरसाठी हिपॅटायटिस बीची लस, ती बाळाला जन्मल्या जन्मल्या मिळतेच, मोठ्यांनी राहिली असेल तर घ्यावी.

आता माझ्याच धंद्याविरुद्ध बोलते. दिवाळीच्या आसपास "फुल बॉडी विथ कॅन्सर मार्कर" अशी पॅकेजं निघतात आणि लोक आईबाबांना गिफ्ट देतात. सीए 125, सीईए वगैरे रक्ताच्या टेस्ट. हे मार्कर ज्यांचा कॅन्सर आधीच सापडलाय त्यांचा इलाज कसा चाललाय ते बघायला कामाचे असतात, धडधाकट माणसात कॅन्सर शोधायला नाहीत. साध्या सूजेने, पाळीने, सिगरेटने सुद्धा वाढतात, मग रात्रभर झोप नाही, सीटी, परत रक्त, आणि शेवटी काही नाही. उलट खरा कॅन्सर असून मार्कर नॉर्मलही येतो, ते तर जास्त वाईट. जास्त तपासलं म्हणजे चांगलंच असंही नसतं. दक्षिण कोरियात थायरॉइडची सोनोग्राफी सरसकट सुरू झाली तर 1993 ते 2011 मध्ये थायरॉइडचे कॅन्सर पंधरा पट सापडायला लागले आणि मृत्यू होते तेवढेच राहिले, म्हणजे ज्या गाठी कधीच त्रास देणार नव्हत्या त्यासाठी लोकांचे गळे कापले गेले. म्हणून ठरलेल्या तपासण्या ठरलेल्या वयाला, बाकी डॉक्टरने सांगितलं तर.

पैशाचं म्हणाल तर वर सांगितलेल्या तीन तपासण्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात, होतात, तिथे नसली सोय तर पुढे पाठवतात, मोठं सरकारी म्हणजे आपलं एमवाय हॉस्पिटल आहेच. पुढे इलाज लागला तर आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत मिळतं, आणि ऑक्टोबर 2024 पासून 70 च्या वरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो. पेन्शन आहे म्हणून आपल्याला नाही मिळणार, असं समजून रामबागेतल्या, सुदामा नगरातल्या कितीतरी आजी-आजोबांनी कार्डच काढलेलं नसतं.

सुईची भीती राहिली. "सुई लावली की पसरतो" हे इतकं पक्कं बसलंय की लोक गाठ घेऊन वर्ष-वर्ष फिरतात, मधे कोणी लेप सांगतं, कोणी गोमूत्र. साध्या सुईच्या तपासणीने स्तनाचा किंवा तोंडाचा कॅन्सर पसरून माणूस दगावतो असं काही नाही. थांबल्याने मात्र तो वाढतो. बायॉप्सीशिवाय कुठला कॅन्सर, कुठल्या जातीचा, कुठलं औषध चालेल, काहीच ठरत नाही. आणि बायॉप्सी केली तर रिपोर्ट घ्यायला या हो. आमच्याकडे खणात असे लिफाफे पडलेले असतात, नाव-वय-तारीख लिहिलेले, फोन लावला की "हो हो, येतो, घरी लग्न आहे". तुकडा तपासून यायला थोडे दिवस लागतात, कधी वर अजून स्पेशल टेस्ट लागते तर जास्त, तेव्हा निघतानाच काउंटरला तारीख विचारून पावतीच्या मागे लिहून घ्या, आणि पेशंटसोबत दुसऱ्या कोणाचा तरी नंबर आम्हाला देऊन ठेवा, असा माणूस जो फोन उचलेल.